कोयत्याची पाठ आणि उसाचा बोल



ऊस पिकला की नाही, हे आज तुम्हाला कोणी विचारत नाही. लागणीची नोंद झाली, की तारीख आणि जात पाहून शेतकी खाते तोडणीचा कार्यक्रम लावते. गरज पडली तर ओव्हरसियर ब्रिक्स मीटर घेऊन येतो. हे योग्यच आहे. पण म्हणून बापजाद्यांची पारख मोडीत काढायची का?

परवा आम्ही एका वडीलधाऱ्या सभासदांच्या फडात उभे होतो. तारखेने ऊस तोडणीला आलेला. म्हातारबांनी कोयत्याची पाठ उसावर मारली. बांधाकडचा ऊस खणखणीत वाजला, पाटाकडचा बद्द. म्हणाले, "ह्यो अजून पानी पितोय. पंधरा दिस ऱ्हाऊ द्या." ओव्हरसियरने दोन्हीकडचा रस मीटरवर टाकला. बांधाकडे बुडख्याला २१, शेंड्याला २०. पाटाकडे बुडख्याला १९ अन् शेंड्याला १४!

मीटर खोटे बोलत नाही; पण ते त्यावर टाकलेल्या थेंबापुरतेच बोलते. दोन एकरांतला कोणता ऊस तपासायचा, हे मालकाच्या डोळ्या-कानांनीच सांगायचे.

खुणा जुन्याच आहेत. खालची पाने वाळतात, वाढ थांबते, डोळे फुगतात. वाकवला की ऊस पेरापाशी काडकन मोडतो. तिरका काप उन्हात धरला, की साखरेचे कण चमकतात. शेंडा चावला तर बुडख्याइतकाच गोड लागतो.

गुऱ्हाळाच्या काळी ही पारख चुकली, की गूळ मऊ राहायचा आणि फटका ज्याचा त्याला बसायचा. आज ऊस वजनावर जातो, त्यामुळे कच्च्या उसाचा तोटा दिसत नाही. तो सगळ्यांच्या वाट्यात मुरतो. दर ठरतो तो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनी ३,५५० रुपये एफआरपी ठरली आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे. एकाचा कच्चा फड म्हणजे सर्वांच्या खिशाला चाट.

तेव्हा टोळी यायच्या आठ दिवस आधी फडात एक फेरी मारा. नातवाला सोबत न्या, कोयता त्याच्या हाती द्या. ऊस बद्द वाजला तर ओव्हरसियरला बोलवा, संकोच करू नका. कागदावर पारखीचा रकाना नसला, तरी उताऱ्यात ती उतरतेच.