युरोडान्सची कुळकथा – लेखांक अकरावा : कंठाची नोंद

अमेरिकेतील बिलबोर्डची क्रमवारी ठरविताना नभोवाणीवरील वादन आणि दुकानांतील प्रत्यक्ष खप यांची सांगड १९९० च्या दशकात कशी घातली जाई, हे या लेखांकात सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु मध्यंतरी रत्नागिरीच्या एका वाचकांचे पत्र आले, आणि त्यांची पृच्छा इतकी मार्मिक निघाली की ते हिशेबाचे प्रकरण आठवडाभर लांबणीवर टाकणेच मला उचित वाटते. ते लिहितात की, ‘कोरोना’ या नावाने निघालेली पहिली दोन गाणी लागोपाठ ऐकली असता दोन निरनिराळ्या स्त्रिया गात आहेत असे वाटते, मात्र दोन्हींच्या चित्रफितींत बाई एकच दिसतात. तर हा कानांचा भास समजावा काय?

भास मुळीच नव्हे. ज्या गीताची इटलीतील अग्रस्थानापासून ब्रिटनमधील दुसऱ्या आणि अमेरिकेतील अकराव्या क्रमांकापर्यंतची वाटचाल आपण गेल्या आठवड्यात पाहिली, ते ‘द रिदम ऑफ द नाइट’ जेनी बी. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोव्हान्ना बेर्सोला यांनी गायिले आहे; आणि १९९५ साली ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकास पोहोचलेले ‘बेबी बेबी’ हे गीत सँडी चेंबर्स या इंग्रज गायिकेचे आहे. दोन्ही गीतांच्या वेळी कॅमेऱ्यासमोर ज्या उभ्या राहिल्या, त्या ओल्गा दे सौझा मूळच्या ब्राझीलमधील रिओ द जानेरोच्या. कंठ बदलला, मुद्रा तीच राहिली, आणि क्रमवारीच्या दप्तरात मात्र ‘कोरोना’ हे एकच नाव अखंडपणे चालू राहिले.

हे नाव कोणाचे, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. ते ना बेर्सोलांचे, ना दे सौझांचे. ‘ली मॅरो’ या टोपणनावाने वावरणारे निर्माते फ्रांचेस्को बोंतेम्पी यांनी उभारलेल्या उपक्रमाचे ते नाव होते, आणि इटलीत ते प्रसिद्धीस आणले रॉबेर्तो झानेत्ती यांच्या ‘डी.डब्ल्यू.ए.’ या कंपनीने. गीताच्या रचनेतही अनेकांचे हात लागले आहेत. ‘से व्हेन!’ या ब्रिटिश मंडळीच्या १९८७ मधील ‘सेव्ह मी’ या गीताची सुरावट बोंतेम्पींनी घेतली, म्हणून त्याच्या रचनाकारांची नावे येथेही नोंदली गेली; आणि शब्दरचनेत वाटा असलेल्या ॲनर्ली गॉर्डन पुढे १९९९ साली ‘ॲन ली’ या नावाने ‘टू टाइम्स’ हे गीत गाऊन स्वतःच युरोपभर गाजल्या. चाल, शब्द, कंठ, चेहरा आणि यंत्रावरील रचना अशी पाच खात्यांत वाटली गेलेली ही कामगिरी आहे, आणि युरोडान्सच्या पद्धतीचे मर्म माझ्या मते याच वाटणीत आहे.

कारण ही पद्धत मुळात डिस्कोथेकमधील डीजेंनी आणि यंत्रांशी सलगी असलेल्या निर्मात्यांनी घडविली. गीताचा आराखडा आधी यंत्रावर तयार होई. नंतर भाडोत्री गायिका स्टुडिओत येऊन काही तासांत आपला भाग ध्वनिमुद्रित करी आणि सामान्यतः ठोक मोबदला घेऊन घरी जाई. आणि तबकडी गाजू लागली, म्हणजे दूरचित्रवाणीवर व रात्रीच्या नृत्यगृहांतून ती सादर करण्यास, गावोगाव प्रवास करण्यास, नाचण्यास आणि छायाचित्रांत शोभण्यास समर्थ अशा व्यक्तीची गरज निर्मात्यास भासे. हे दुसरे काम हलके लेखण्याचे कारण नाही. नभोवाणीवर ऐकलेल्या एका निराकार आवाजाला लोकांसमोर देह देणे आणि त्या देहाच्या बळावर एकेका देशाचा बाजार जिंकणे, हे श्रमाचे आणि कौशल्याचेच काम होते.

मग अन्याय होतो तो कोठे? या प्रश्नावर युरोप आणि अमेरिकेत जे रणकंदन झाले, त्यात माझ्या समजुतीने दोन भिन्न गोष्टींची गल्लत झालेली आहे. १९८९ साली ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेले सिंगल ठरलेले ‘राइड ऑन टाइम’ घ्या. ‘ब्लॅक बॉक्स’ या इटालियन मंडळीने त्यात शिकागोच्या गायिका लोलिएट्टा हॉलोवे यांच्या १९८० मधील ‘लव्ह सेन्सेशन’ या गीतातील आवाज कापून बसविला, आणि पडद्यावर ओठ हलविले कॅत्रीन किनोल यांनी; हॉलोवे यांनी हक्क सांगितला आणि प्रकरण तडजोडीने मिटले. त्याच मंडळीच्या पुढील गीतांना मार्था वॉश यांचा दणदणीत कंठ लाभला, पण चेहरा पुन्हा किनोल यांचाच राहिला. ‘सी अँड सी म्युझिक फॅक्टरी’चे जे गीत १९९१ साली अमेरिकेत अग्रस्थानी गेले, त्यातही वॉश यांच्या आवाजावर दुसऱ्याच युवतीने ओठ हलविले. वॉश यांनी फिर्यादी लावल्या, आपला हक्क वसूल केला, आणि गायिकेचे नाव नोंदविण्याची वहिवाट रूढ होण्यास त्या फिर्यादींची फार मोठी मदत झाली. तत्पूर्वी, १९९० च्या नोव्हेंबरात, ‘मिली व्हॅनिली’च्या दोघा तरुणांनी एकही ओळ गायिली नसल्याचे उघड होताच त्यांचे ग्रॅमी पारितोषिक काढून घेण्यात आले होते.

या सर्व प्रकरणांचा निष्कर्ष पाश्चात्त्य टीकाकारांनी बहुधा असा काढला की, कंठ एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा असणे हीच मुळी फसवणूक होय. हा निष्कर्ष महाराष्ट्रातील वाचकांस पटणार नाही, आणि तो न पटण्यास आपल्यापाशी सबळ पुरावा आहे. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील ‘आयेगा आनेवाला’ या गीताची तबकडी निघाली, तेव्हा तिच्यावर गायिकेचे नाव म्हणून मधुबाला यांनी वठविलेल्या ‘कामिनी’ या पात्राचे नाव छापलेले होते. हा आवाज कोणाचा, अशी पृच्छा श्रोत्यांनी नभोवाणीकडे केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांपुढे आले. पुढे पार्श्वगायनासाठी फिल्मफेअरचे स्वतंत्र पारितोषिक असावे, असा आग्रह लताबाईंनी धरला, आणि १९५९ साली ते सुरू झाले तेव्हा ‘मधुमती’तील गीतासाठी ते प्रथम त्यांनाच मिळाले. त्यानंतर पडद्यावरची नायिका स्वतः गात नाही म्हणून आपल्याकडील कोणा प्रेक्षकाने स्वतःस फसविले गेलेले मानले नाही. कंठ आणि चेहरा वेगळे ठेवूनही कला निर्दोष राहते. दोष उत्पन्न होतो तो नोंद दडपल्याने. बोंतेम्पींनी तबकडीवर ‘गायिका जेनी बी., सादरकर्त्या ओल्गा दे सौझा’ एवढा मजकूर ठळकपणे छापला असता, तर त्या गीताचा खप एका प्रतीनेही घटला असता असे मला वाटत नाही. कारण नृत्यगृहात पाऊल टाकणाऱ्यास ताल हवा होता, आवाज हवा होता, आणि ते दोन्ही अस्सल होते.

त्या आवाजाच्या अस्सलपणाविषयी शंका असल्यास गीत पुन्हा ऐकावे. कडव्यात संयमाने खाली धरलेला स्वर ध्रुवपदात उंचावतो, आणि यंत्राच्या निर्विकार ठोक्यावर मानवी उत्कंठेचा जो दाब निर्माण होतो, तो कोणत्याही कळफलकास साधणारा नाही. फ्रेंच दिग्दर्शिका क्लेअर दनी यांनी १९९९ च्या ‘बो त्राव्हाय’ चित्रपटाच्या अंती देनी लाव्हाँ यांचे बेभान नृत्य याच गीतावर योजिले, आणि २०१९ मध्ये ‘ब्लॅक आइड पीज’ व जे बाल्विन यांनी आपल्या ‘रित्मो’ गीताचा पाया याच गीतावर रचला, याचे कारण मी त्या कंठातच शोधतो.

इतके झाल्यावर बेर्सोला यांची हकिकत पुरी करणे माझे कर्तव्य ठरते. इतरांच्या नावाखाली गाजलेल्या त्यांच्या गीतांत १९९४ मधील ‘प्लेयाहिट्टी’चे ‘द समर इज मॅजिक’ हेही मोडते. परंतु २००० साली सानरेमोच्या विख्यात गीतमहोत्सवात नवोदितांच्या विभागात त्या स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या, ‘सेंप्लिचे साई’ हे इटालियन गीत गायिल्या, आणि विजयी झाल्या. ज्यांच्या आवाजावर युरोप सहा वर्षांपूर्वीच नाचून गेला होता, त्यांची गणना त्या रात्री नवोदितांत झाली, ही गोष्ट क्रमवारीचे दप्तर किती अपुरे असते याचा निर्णायक दाखला होय. म्हणून माझी वाचकांस विनंती आहे की, जुन्या तबकड्यांच्या याद्या करताना ‘कोरोना’ या नावापुढे जेनी बी. आणि ओल्गा दे सौझा ही दोन्ही नावे त्यांनी आपल्या हाताने लिहावीत.

बिलबोर्डचा हिशेब आता पुढील आठवड्यात. त्याच ओघात, सप्टेंबर १९९४ मध्ये ब्रिटनचे अग्रस्थान ‘कोरोना’स न मिळू देणारे व्हिगफील्डचे ‘सॅटर्डे नाइट’, जे स्वतः इटलीतच घडले होते, त्याचाही परामर्श घेऊ.