येसूर, रू आणि सोवळे

पुरुष कार्यकर्त्याला स्वयंपाक येतो का, हा प्रश्न चळवळीत फारसे कोणी विचारत नाही. स्त्रीमुक्तीचा ठराव मांडणारे बंधू व्यासपीठावर आणि भाकऱ्या थापणाऱ्या भगिनी मंडपामागे, हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या चित्राचा उबग आला म्हणून आम्ही चाळिशी उलटल्यावर स्वयंपाक शिकायला घेतला. आधी घरी आईच्या हाताखाली, मग एका पाककला संस्थेच्या शनिवार-रविवारच्या वर्गात. बाररूममधले सहकारी हसले. हसोत बापडे.

घरच्या शिक्षणाला वजनमाप नसते. ज्वारीचे पीठ गरम पाण्यात का मळायचे, याचे कारण आईने कधी सांगितले नाही. हात धरून मळायला लावले. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते, गरम पाण्याने पिठातला स्टार्च चिकट होतो व भाकरी थापता येते, हे वर्गात कळले. तिथे सारे ग्रॅममध्ये. फ्रेंच पद्धतीचे पाच मूळ सॉस घोकावे लागतात. त्यांपैकी बेशामेलचा पाया म्हणजे 'रू'. समान वजनाचे लोणी आणि मैदा मंद आचेवर परतायचा, त्यात दूध घालायचे, की दाटपणा येतो.

हे शिकताना आम्हाला येसूर आठवला. मराठवाड्यात धान्य भाजून मसाल्यासह दळतात आणि पातळ रश्शात टाकतात. भाजलेल्या पिठाने रस्सा दाटतो. मटण थोडे आणि तोंडे पुष्कळ असली, की हीच युक्ती सर्वांना पुरवते. तत्त्व तेच. पण एकाला प्रमाणपत्र मिळते आणि दुसऱ्याचे नाव आमच्या वर्गाच्या पुस्तकात नाही. शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातील महार-मांगांचे अन्न ग्रंथात आणले. 2024 साली ते इंग्रजीतही गेले. पाककलेच्या प्रत्येक ग्रंथालयात ते असलेच पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

वर्गात आणखी एक गोष्ट शिकवतात. शिजलेले अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान फार वेळ ठेवू नये, कारण त्या पट्ट्यात जीवाणू झपाट्याने वाढतात. हात धुवा, कच्च्या मांसाची फळी वेगळी ठेवा. शुद्धतेची व्याख्या तिथे संपते. स्वयंपाक करणाऱ्याचे आडनाव त्यात कुठेच येत नाही. समाजाच्या स्वयंपाकघरात मात्र तेच आधी येते. 2017 साली पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी, स्वयंपाकिणीने जात लपवून सोवळे मोडले म्हणून पोलिसांत तक्रार दिली. लागलेल्या कलमांत तेव्हाच्या दंड संहितेचे 419, म्हणजे तोतयेगिरीने फसवणूक, हेही होते! पुढे ती तक्रार मागे घेतली गेली.

सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी शाळांत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला आणि 20 एप्रिल 2004 रोजी स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्या, असे बजावले. तरीही डिसेंबर 2021 मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित भोजनमातेच्या हातचे सवर्ण मुलांनी नाकारले आणि तिला काढून टाकण्यात आले. मग दलित मुलांनी सवर्ण भोजनमातेच्या हातचे जेवायचे नाकारले.