तेलाच्या पिंपांची राखण



कारखान्यांत किंवा मोटारदुरुस्तीच्या आवारांत वंगणाच्या तेलाचीं पत्र्याचीं पिंपें उभीं असलेलीं आपण पाहिलीं असतील. एकेका पिंपांत सुमारें २१० लिटर तेल मावतें. तें गळूं लागलें कीं फरशी निसरडी होते, चालता मनुष्य घसरून हाड मोडून घेतो. आणि गटारावाटे तेंच तेल नदीस मिळतें.

गळतीचें कारण बहुधा क्षुल्लकच निघतें. कोठें बूच सैल, कोठें तोटीचा वायसर झिजलेला, कोठें ओल्या जमिनीवर ठेवल्यामुळें तळ गंजलेला. परंतु एक कारण डोळ्यांना दिसत नाहीं. पिंप श्वासोच्छ्वास करतें, असें म्हटलें तर आपणांस हसूं येईल. पण तें खरें आहे. दुपारच्या उन्हानें आंतील तेल व हवा प्रसरण पावतात आणि बुचाच्या सूक्ष्म फटींतून थोडी हवा बाहेर पडते. रात्रीं गारव्यानें त्यांचें आकुंचन झालें कीं बाहेरचें आंत ओढलें जातें. उभ्या पिंपाच्या माथ्यावर पावसाचें पाणी सांचलेलें असेल तर तेंच आंत शिरतें. पाणी तेलाहून जड; तें तळाशीं बसून पत्रा आंतून गंजवीत राहतें.

यावर उपाय सोपे आहेत. पिंपें छपराखालीं, लाकडी फळ्यांवर ठेवावीं. उघड्यावर ठेवणें भागच पडलें तर भरलेलें पिंप आडवें करून दोन्ही बुचें घड्याळांतील तीन व नऊ या आंकड्यांच्या जागीं आणावींत. म्हणजे तीं तेलाखालीं राहतात व हवा आंत घेतां येत नाहीं. मात्र बुचें घट्ट असावींत आणि पिंप घरंगळूं नये म्हणून दोहों बाजूंस पाचरी माराव्यात.

तोटीखालीं पसरट पात्र हवेंच. इंग्लंडमध्यें २००१ सालीं झालेल्या नियमांनीं पिंपाखालील पात्रांत पिंपाच्या निदान चौथ्या हिश्शाइतकें तेल मावलें पाहिजे, असें ठरविलें आहे. एका थेंबानें काय होतें, असें कोणी म्हणेल. हिशेब करूं. पंचवीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर सेकंदास एक थेंब या मानानें दिवसाला जवळजवळ साडेतीन लिटर तेल जातें. दोन महिन्यांत सबंध पिंप रिकामें!

इतकेंही करून तेल सांडलेंच, तर प्रथम तोटी बंद करावी, किंवा भोंक वर येईल असें पिंप फिरवावें. मग गटाराच्या तोंडाशीं वाळूचा बांध घालावा आणि शेवटीं भुसा टाकून तेल टिपून घ्यावें. पाण्यानें धुऊन गटारांत लोटूं नये. माखलेला भुसा झांकणाच्या डब्यांत, विस्तवापासून दूर ठेवावा. आपल्या देशांत २०१६ सालच्या नियमांप्रमाणें असा तेलकट कचरा घातक गणला जातो. तो केराच्या गाडींत जातां कामा नये.

आठवड्यांतून एकदां पिंपांभोंवतीं फेरी घालून हात फिरविण्यास दहा मिनिटें पुरतात. हें काम मालकाचें कीं कामगाराचें, असा वाद घालण्याचें कारण नाहीं. पहिला थेंब ज्याच्या दृष्टीस पडेल, त्याचेंच तें काम होय.