मिनामाटाचा पारा

जपानच्या क्युशू बेटावर मिनामाटा हे खाडीकाठचं गाव आहे. १९५०च्या दशकात तिथली मांजरं झोकांड्या खाऊ लागली, गरगर फिरून समुद्रात पडू लागली. मग माणसांचे हातपाय थरथरू लागले, जीभ जड झाली. मे १९५६मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली.

याच गावातल्या चिस्सो कंपनीच्या कारखान्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवताना पाऱ्याचं संयुग वापरत. त्यातून तयार होणारा मिथाइल मर्क्युरी १९३२पासून सांडपाण्याबरोबर समुद्रात जात होता. पाण्यात तो अगदी थोडा; पण बारीक जीवांतून लहान माशांत, त्यांच्यातून मोठ्या माशांत साठत साठत कोळ्यांच्या ताटात आला. वारेतून गर्भातही उतरला. आईला फारसा त्रास नाही आणि मूल मात्र जन्मतःच अपंग, असं कित्येक घरांत घडलं.

संताप येतो तो पुढचं वाचून. कारखान्याच्याच दवाखान्यातले डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी १९५९मध्ये हे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला दिलं. नोंदवहीत त्याचा क्रमांक ४००. त्यालाही तेच झटके आले. कंपनीने हा निष्कर्ष दडपला. ती उत्पादनप्रक्रिया बंद झाली मे १९६८मध्ये, आणि सरकारने कारण मान्य केलं त्यानंतर, सप्टेंबरात. तोवर लोक तेच मासे खात राहिले.