बियाण्याच्या पाकिटामागचे हात

दोस्तांनो, महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या. यवतमाळ जिल्ह्यात, अगदी तेलंगणाच्या सीमेजवळ झरी जामणी तालुका दिसेल. मुकुटबन हे याच तालुक्यातलं गाव. काळी जमीन आणि पांढरा कापूस ही या भागाची ओळख! इथल्या मुलांना ‘कापूस कुठे उगवतो?’ असं विचारलंत, तर ती तुम्हाला हसतील. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड आणि सरकी म्हणजे कापसातलं बी, हे त्यांना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं.

मग त्यांना आणि तुम्हालाही जरा अवघड प्रश्न विचारू या. पेरायची सरकी कुठून येते?

पूर्वी शेतकरी घरचीच सरकी राखून ठेवत. आता मृगाच्या सुमाराला ते कृषी केंद्रात जातात आणि साधारण अर्ध्या किलोची पाकिटं घेऊन येतात. आत असतं संकरित, म्हणजे हायब्रीड बियाणं. या बियाण्यापासून आलेल्या कापसातली सरकी पुढच्या वर्षी पेरली, तर पीक पहिल्यासारखं येत नाही. म्हणून दरवर्षी नवी पाकिटं घ्यावी लागतात. म्हणजे गंमत बघा, कापूस विकणारा शेतकरी जून महिन्यात स्वतःच गिऱ्हाईक होतो!

या गिऱ्हाइकाच्या हातातलं पाकीट तयार कसं होतं, ते आता पाहू.

एका फुलासाठी दोन दिवस

कपाशीच्या एकाच फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात. फुलाला मोकळं सोडलं, तर ते बहुधा आपल्याच परागांनी फळतं. पण संकर करायचा, तर आई एका जातीची हवी आणि बाप दुसऱ्या जातीचा. म्हणून उद्या उमलणारी कळी आजच शोधायची. नखानं किंवा बोटांनी तिचे पुंकेसर अलगद काढून टाकायचे. आतल्या स्त्रीकेसराला जराही धक्का लागता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचं फूल आणून त्याचे पराग तिच्यावर चोळायचे. झालं एक फूल!

अशी शेकडो फुलं, रोज, दोन-तीन महिने. यंत्रानं हे काम होत नाही. कापसाचा जगातला पहिला व्यापारी संकरित वाण 1970 मध्ये आपल्याच देशात, गुजरातमधल्या सुरतेला तयार झाला. ‘एच-4’ असं त्याचं नाव. शास्त्रज्ञांची ही कामगिरी मोठीच. पण त्यानंतर फुलं हातानं फळवणाऱ्या मजुरांची गरजही वाढत गेली.

हे हात कोणाचे होते? 1990 नंतरच्या काळात आंध्र प्रदेशातल्या बियाण्यांच्या प्लॉटवर अभ्यासक गेले. तेव्हा आजचं तेलंगणा राज्यही आंध्रातच होतं. अभ्यासकांना तिथे हजारो मुलं राबताना दिसली. त्यांत मुलग्यांपेक्षा मुली जास्त. काहींचं वय सातवीतल्या मुलीएवढं, काहींचं त्याहूनही कमी. शाळा सुटलेली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत काम, तेही औषध फवारलेल्या पिकात. ‘मुलांची बोटं नाजूक, म्हणून त्यांना घेतो,’ असं सांगितलं जाई. खरं कारण वेगळं होतं. मुलांना मजुरी कमी द्यावी लागते आणि ती उलट बोलत नाहीत!

नाही म्हणता येतं का?

आता तुम्ही म्हणाल, दिवाळीच्या सुट्टीत आम्हीही आईबरोबर कापूस वेचायला जातो. मग आम्हीही गुलाम का? मुळीच नाही. शाळा सांभाळून घरच्या शेतात हातभार लावणं वेगळं. औषध फवारणीसारख्या धोक्याच्या कामापासून मात्र तिथेही मुलांनी दूरच राहायचं.

फरक ओळखायला एक सोपा प्रश्न लक्षात ठेवा: काम करणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येतं का?

त्या मुलींपैकी अनेकींना म्हणता येत नव्हतं. हंगामाच्या आधीच आईवडिलांनी मालकाकडून उचल घेतलेली असे. घरात कुणाचं आजारपण, कुणाचं लग्न, नाहीतर नुसतीच पोटाची अडचण. ती उचल फिटेपर्यंत मुलगी कामाला बांधलेली. पायात साखळी दिसत नाही, पण जाता येत नाही. यालाच वेठबिगारी म्हणतात. आपल्या संविधानाच्या कलम 23 नं ती निषिद्ध ठरवली आहे. 1976 च्या कायद्यानं असं कर्ज फेडण्याची जबाबदारीच रद्द केली. तरीही ती पुरती संपलेली नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं इतर संस्थांबरोबर काढलेल्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगभरात सुमारे 2 कोटी 76 लाख माणसं सक्तीच्या कामात अडकलेली होती.

विचारणाऱ्यांनी काय केलं?

आंध्रात शांता सिन्हा आणि त्यांच्या एम. व्ही. फाउंडेशनचे कार्यकर्ते गावोगाव गेले. आईवडिलांशी बोलले, मालकांशी बोलले. कामावरून सुटलेल्या मुलांसाठी शिबिरं काढली. तिथे राहून मुलं मागे पडलेला अभ्यास भरून काढत आणि मग थेट आपल्या वयाच्या वर्गात बसत! या कामासाठी सिन्हाताईंना 2003 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या एका संस्थेनं बियाण्यांच्या प्लॉटवरच्या मुलांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. युरोपातले लोक तिथल्या मोठ्या कंपन्यांना विचारू लागले, ‘तुमच्या बियाण्यात मुलांची मजुरी आहे का?’ कंपन्या आधी म्हणाल्या, ‘मुलं आम्ही ठेवत नाही, शेतकरी ठेवतात.’ शेतकऱ्यांचं म्हणणं होतं, ‘कंपनी देते त्या भावात मोठ्या माणसांची मजुरी परवडत नाही.’ दोघांनी बोट दुसऱ्याकडे दाखवलं आणि मधे उभी राहिली ती मुलगी!

प्रश्न थांबले नाहीत, तेव्हा काही कंपन्यांनी प्लॉटवर तपासणी सुरू केली. मुलं न ठेवणाऱ्या शेतकऱ्याला जादा पैसे आणि ठेवणाऱ्यावर कारवाई, असे नियम झाले. त्या प्लॉटवरची मुलं कमी झाली. पण काही काम दुसऱ्या भागांत सरकलं, जिथे बघणारं कुणी नव्हतं. म्हणून एकदा विचारून गप्प बसता येत नाही.

कापसाचाच धागा धरून आता जरा लांब, मध्य आशियातल्या उझबेकिस्तानात जाऊ. तिथे वेचणीच्या दिवसांत सरकारच शाळा बंद करून मुलांना कापसाच्या शेतात पाठवत असे. पुढे शिक्षक आणि डॉक्टरांनाही पाठवू लागलं. तिथल्या काही धीट माणसांनी धोका पत्करून ही माहिती जगाला दिली. मग कपड्यांच्या तीनशेहून अधिक ब्रँडांनी उझबेकी कापूस न वापरण्याचं वचन दिलं. पुढे नवं सरकार आलं, धोरण बदललं, वेचणीची मजुरी वाढली. 2021 च्या हंगामात सरकारी सक्ती संपल्याचं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं जाहीर केलं आणि मार्च 2022 मध्ये बहिष्कार उठला.

मग आपणही कापूसच सोडायचा?

छे! तसं केलं, तर मार बसेल तो मुकुटबनच्या शेतकऱ्याला आणि वेचणीला जाणाऱ्या बायांना. उझबेकिस्तानात सक्ती सरकारची होती, म्हणून बहिष्काराचा दाब सरकारवर पडला. आपल्याकडे अडचण भावाची आणि उचलीची आहे. इथे पाठ फिरवून चालणार नाही. विचारायला हवं, आणि रास्त किंमत द्यायचीही तयारी हवी. फार स्वस्त वस्तू दिसली, की आपण खूश होतो ना? तेव्हा क्षणभर थांबून म्हणायचं, ‘यात कमी पैसे नेमके कोणाला मिळाले?’

आणखी काय करता येईल? पुढच्या मृगाला घरचं कुणी बियाणं आणायला निघालं, तर तुम्हीही जा. दुकानदारकाकांना नम्रपणे विचारा, ‘काका, हे बियाणं कुठल्या प्लॉटवर झालं? तिथे मुलं कामाला नव्हती ना?’ शहरात राहत असाल, तर गणवेश घेताना विचारा, ‘हे कापड कुठून येतं?’ काकांना उत्तर माहीत नसेलच, हे धरून चाला. पण दहा गिऱ्हाइकांनी तेच विचारलं, की ते वितरकाला विचारतील आणि वितरक कंपनीला. पाकिटावर नाहीतर कपड्यावर हमीची खूण असेल, तर ती कोण तपासतं, हेही विचारा. नुसत्या छापील शब्दांवर विसंबू नका.

आणि तुमच्या वर्गातलं कुणी दिवाळीनंतर परतलंच नाही, उचलीपायी कामाला अडकलं, तर गुरुजींना किंवा बाईंना सांगा. 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. तो फुकट लागतो आणि तुम्ही स्वतःही लावू शकता. चौदा वर्षांखालच्या मुलाला असं मजुरीला ठेवणं हा गुन्हा आहे. ते कळवण्यात चुगली नाही.

तर मग विचाराल ना? आणि दुकानात काय उत्तर मिळालं, ते आम्हाला पत्रानं जरूर कळवा!