खेळतं भांडवल : वहीत नफा, पण पगाराला पैसे नाहीत

मंडळी, अंधेरीच्या एमआयडीसीतला एक छोटा कारखाना समजा. पत्रा रोखीने घ्यायचा. माल तयार होऊन टेम्पोत चढेपर्यंत 1 महिना, बिलाचे पैसे यायला आणखी 3. महिन्याचा खर्च 5 लाख धरला, तर जवळपास 20 लाख कायम अडकलेले. हेच खेळतं भांडवल; पुस्तकात म्हणतात, चालू मालमत्ता वजा चालू देणी. वहीत नफा दिसतो, पण 7 तारखेला पगाराला खात्यात पैसे नसतात. आणि गंमत बघा, ऑर्डर दुप्पट झाली की ही ओढाताणही दुप्पट!

बँक काय करते? नायक समितीच्या सूत्राने वर्षाच्या विक्रीचा 25 टक्के भाग ही गरज मानते. 5 टक्के तुमचे, 20 बँकेचे. म्हणजे चक्र 3 महिन्यांचं. आपलं तर 4 महिन्यांचं!

2006 च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण मागणार कोण? पुढची ऑर्डर जाईल ना! 2023-24 पासून मात्र मुदत उलटून 31 मार्चला थकलेलं बिल खरेदीदाराला आयकरासाठी त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. तेव्हा उद्यम नोंदणीचा नंबर बिलावर छापा, आणि मार्चच्या सुरुवातीलाच फोन करा.