दयेलाही माप असते

आमच्या बोरिवलीच्या घरात दिवाणखान्यातील भिंतीलगत दोनशे लिटरची काचेची पेटी आहे. तिच्यात समुद्राचे खारे पाणी, जिवंत दगड, दोन विदूषक मासे, एक निळा डॅमसेल आणि मऊ प्रवाळांचे काही गुच्छ आहेत. चिरंजीवाने हौसेने आणलेली ही पेटी त्याच्या नोकरीतील धावपळीमुळे हळूहळू माझ्या गळ्यात पडली. बँकेत बत्तीस वर्षे ताळेबंद तपासले. निवृत्तीनंतर पाण्याचा ताळेबंद तपासावा लागेल असे कधी वाटले नव्हते.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. हा छंद घ्यावा असा माझा आग्रह नाही. माशांच्या बहुतेक खाद्यांत मासे व कोळंबी यांची पूड असते, आणि आपल्यासारख्या घरात हा प्रश्न टाळता येत नाही. शिवाय दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते बाळगणे वा विकणे गुन्हा आहे, मग दुकानदार काहीही सांगो. विदूषक मासा मात्र बंदिस्त पाण्यात वाढविता येतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचे तंत्र आपल्या देशात विकसित केले आहे. आमच्या घरी मात्र जीव आधी आले आणि विचार नंतर आला. आलेल्या जीवाची जबाबदारी उरतेच. त्या जबाबदारीतून जे शिकलो ते सांगतो.

चूक घडली ती दयेपोटी. मासे काचेजवळ येऊन तोंडे हलवीत, आणि आमच्या सौभाग्यवतींचा जीव कळवळे. सकाळी देवदर्शनाहून आल्यावर एक चिमूट, दुपारी एक, आणि सूर्यास्तापूर्वी आपली जेवणे आटोपताना, “यांना रात्रभर उपाशी कसे ठेवायचे?” म्हणून आणखी एक. चार महिन्यांत दगडांवर हिरवे केसाळ शेवाळ माजले, वाळूवर लालसर साय धरली आणि प्रवाळांनी तोंडे मिटून घेतली. तपासणीत नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट अर्धा मिलिग्रॅम निघाले. अशा पेटीत नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ या दरम्यान असावे, असे अनुभवी लोक मानतात.

पाण्यात टाकलेले अन्न नाहीसे होत नाही, एवढेच ध्यानात घेतले की सारे उलगडते. मासा खातो, त्यातील थोडा अंश त्याच्या देहात राहतो आणि उरलेला मलमूत्ररूपाने पाण्यात येतो. न खाल्लेले कण तळाशी कुजतात. त्यांतून अमोनिया निघतो. दगडांवरील जीवाणू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. अमोनिया माशांना विषासमान, नायट्रेट सौम्य. पण ते साचत जाते. फॉस्फेटचा हिशेब तर अधिक कडक आहे. कोरड्या खाद्यात सुमारे एक टक्का स्फुरद धरले, तर एक ग्रॅम खाद्यात १० मिलिग्रॅम स्फुरद, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट होते. दोनशे लिटरमध्ये विभागले, तर लिटरमागे ०.१५. एका दिवसाच्या एका ग्रॅमने मर्यादा ओलांडली जाते! बाहेर नेणारी वाट नसेल, तर महिनाभरात काय होईल ते वाचकांनीच ताडावे.

चिरंजीव म्हणाला, “पप्पा, आम्ही दर रविवारी वीस लिटर पाणी बदलतो, तरी आकडा हलत का नाही?” हा प्रश्न मात्र माझ्या धंद्यातला होता. वीस लिटर म्हणजे दहा टक्के. चाळीसच्या दहा टक्के चार. आठवड्यात खाद्यातून चारच वाढत असतील, तर रविवारी चार वजा, पुढच्या शनिवारपर्यंत चार जमा. शिल्लक चाळीसची चाळीस. हे आवर्ती ठेवीचे खाते होते आणि आम्ही केवळ व्याज काढीत होतो. जमा निम्मी केली, आठवड्याला दोनच वाढू दिले, तर हेच खाते हळूहळू विसावर येऊन स्थिरावेल. पण हळूहळूच: दर सहा-सात आठवड्यांत अंतर निम्मे होत जाते. चाळिसाचे तीस व्हायला सुमारे दीड महिना.

तेवढा धीर आम्हाला नव्हता. चिरंजीवाने फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे आणून भरपूर प्रमाणात पेटीत लावले. आठ दिवसांत फॉस्फेट शून्य! घरात पेढे वाटायचेच बाकी होते. दहाव्या दिवशी प्रवाळ फिकट पडू लागले, आणि पंधराव्या दिवशी त्यांतील दोन गुच्छ विरघळून गेले.

कारण असे की, प्रवाळाच्या देहात सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न बनवून आपल्या यजमानाला देते आणि त्याच्याकडून नत्र व स्फुरद घेते. नत्र मुबलक आणि स्फुरद अजिबात नाही, अशी अवस्था या भागीदारीला फार जाचक ठरते. आमच्या पेटीत नेमके तेच झाले होते: नायट्रेट चाळीस आणि फॉस्फेट शून्य. अतिरेकाहून आकस्मिक अभाव अधिक घातक ठरला.

त्या रात्री मला जामसर आठवले. नव्वदच्या दशकात माझी नेमणूक जव्हार भागात होती. कर्जवसुलीच्या निमित्ताने जामसर, मोखाडा या बाजूंच्या पाड्यांत फिरावे लागे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावल्याची बातमी साऱ्या महाराष्ट्राला हादरवून गेली होती. मी गेलो तेव्हाही ती जखम ओली होती. एका पाड्यावर हाडांचा सापळा झालेले मूल पाहून मी पिशवीतले लाडू पुढे केले. सोबतच्या आरोग्यसेविकेने माझा हात धरला. “साहेब, एकदम देऊ नका. त्याच्या देहाला पेलणार नाही. दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे, पातळ. आठवडाभर असे केले की मग भूक आपोआप जागी होते.” मला तेव्हा ती कठोर वाटली. पुढे कळले की तीव्र कुपोषित बालकावरील उपचारांची रीत जगभर हीच आहे.

मुलाची आणि माशाची बरोबरी मी करीत नाही. ती करणे अनुचित होईल. परंतु त्या बाईचे शिक्षण मला त्या रात्री उपयोगी पडले. देहाला आणि पाण्याला अचानक झालेला बदल सोसत नाही, मग तो पोषणाचा असो वा शुद्धीचा.

दुसऱ्या दिवशी दाणे काढून टाकले. खाद्य बंद केले नाही, मोजले. पूर्वीच्या तीन चिमट्यांऐवजी दीड, दोन वेळांत विभागून, आणि मासे मिनिट-दोन मिनिटांत संपवतील एवढेच. गोठविलेल्या खाद्याची वडी चाळणीत धुऊन तिचे पाणी टाकू लागलो. फेस काढणारे यंत्र दर तीन दिवसांनी पुसले. मागच्या कप्प्यात दिवा लावून समुद्री शैवालाचा गुंता वाढविला. तो नायट्रेट व फॉस्फेट शोषून वाढतो, आणि पंधरवड्याने त्याचा भाग कापून बाहेर काढला की तेवढी रक्कम खात्यातून कायमची वळती होते. दर रविवारी दोन्ही आकडे वहीत लिहिले. एका आकड्यावर निर्णय घ्यायचा नाही. तीन आठवड्यांची दिशा पाहायची. सात महिन्यांनी नायट्रेट आठ आणि फॉस्फेट ०.०६ वर स्थिरावले. उरलेल्या प्रवाळांनी पुन्हा तोंडे उघडली. गेलेले मात्र गेले.

नैसर्गिक प्रवाळखडकाकडे पाहिले की याचा अर्थ अधिक कळतो. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातही प्रवाळ आहेत. भरभराटीच्या प्रवाळखडकाभोवतीच्या पाण्यात विरघळलेली पोषकद्रव्ये सहसा अगदी थोडी असतात, पण लाटांसोबत सूक्ष्म जीवांचा प्रवाह अखंड येत असतो. म्हणजे शिल्लक थोडी, उलाढाल मोठी. आपल्या व्यापारी घराण्यांना हे वेगळे सांगायला नको: गल्ल्यात पडून राहिलेला माल दुकान बुडवितो, फिरता माल दुकान चालवितो.

सौभाग्यवतींना मी आकडे समजावले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातून मीठ मोजायचा लहानात लहान चमचा आणून पेटीशेजारी ठेवला. म्हणाल्या, “आपल्याकडे ऊणोदरी सांगितली आहे, भुकेपेक्षा दोन घास कमी. आपण स्वतःसाठी पाळतो. या बिचाऱ्यांच्या वाट्याची मात्र आपणच पाळायला हवी, कारण त्यांच्या पाण्याला दार नाही.”

तो चमचा अजून तेथेच आहे. संध्याकाळी मासे काचेशी येतात, तोंडे हलवितात. त्या थोडा वेळ त्यांच्यासमोर बसतात आणि चमचा न उचलता उठतात.